ग्लुटेन-फ्री बिअर: शोधायची कुठे, पारखायची कशी

पोळी बंद झाली, बिस्किटं बंद झाली, मैदा घरात यायचा थांबला आणि भाकरीवर गाडी सुरळीत चालू आहे. मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, "अरे, बिअर घे की, त्यात कुठे गहू असतो?" गहू नसेलही, पण जव असतो. जगातली बहुतेक बिअर जवाच्या, म्हणजे बार्लीच्या माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांपासून) बनते. जवातलं होर्डीन हे प्रथिन गव्हातल्या ग्लायाडिनच्याच भावकीतलं आहे. राय या धान्यातलं सेकॅलिनही त्याच घरातलं. या घराण्यालाच ढोबळमानाने ग्लुटेन म्हणतात. सीलिअॅक हा ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार असलेल्या माणसाचं आतडं या तिघांत फरक करत नाही.

"तांदळाची असते म्हणून चालते", "मक्याची असते म्हणून चालते" हेही कायम कानावर येतं. बडवायझरमध्ये तांदूळ असतो आणि कोरोनात मका असतो, हे खरं. पण दोन्हींत बार्ली माल्टही असतो. तांदूळ आणि मका तिथे जोडीला आहेत, माल्टच्या जागी नाहीत. ०.० टक्के अल्कोहोलची बिअरही त्याच माल्टची. अल्कोहोल काढलं म्हणून ग्लुटेन निघत नाही.

आधी आपला त्रास नेमका कोणता, ते ठरवा

सीलिअॅकचं निदान रक्ततपासणी आणि बायोप्सीने झालेलं असेल, तर नियम सगळ्यात कडक लावायचे. गव्हाची अॅलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. त्यात जव चालू शकतो, पण विटबिअर, हेफवायझन असल्या गव्हाच्या बिअर पूर्ण वर्ज्य. याबाबतीत डॉक्टर काय म्हणतात तेच धरायचं. तिसरा गट 'गहू खाल्ला की पोट फुगतं' म्हणणाऱ्यांचा. त्यांना जास्त मोकळीक असते, पण निदान न करताच ग्लुटेन सोडलं असेल तर आधी तपासणी करून घ्या. ग्लुटेन बंद केल्यावर सीलिअॅकची रक्ततपासणी फसवी येऊ शकते.

पुढचं सगळं मी सीलिअॅकवाल्याला डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे. बाकीच्यांनी आपापल्या बेताने नियम सैल करावेत.

एकाच नावाखाली दोन वेगळे माल

दुकानात 'ग्लुटेन-फ्री' म्हणून जे काही मिळतं ते दोन जातींचं असतं. चवीची, किमतीची तुलना त्यानंतरची. ही जात ओळखता आली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया.

पहिल्या जातीत ग्लुटेनवालं धान्य वापरलेलंच नसतं. ज्वारी, मिलेट, तांदूळ, कुट्टू, मका, क्वचित क्विनोआ किंवा राजगिरा यांपासून ती बनते. अमेरिकेत बिअरसाठी वापरलं जाणारं मिलेट बहुधा प्रोसो जातीचं, म्हणजे आपल्या वरईच्याच कुळातलं. मॉन्ट्रियलची ग्लुटेनबर्ग, सिएटलची घोस्टफिश, कोलोरॅडोतल्या गोल्डन गावची हॉलिडेली, ऑस्ट्रेलियात मॉर्निंग्टन पेनिन्सुलावरची टूबेज या ब्रुअरींनी याच वाटेवर नाव कमावलं. ग्लुटेनबर्गने तर २०१२ च्या वर्ल्ड बिअर कपमध्ये ग्लुटेन-फ्री गटातली सोनं, चांदी, कांस्य ही तिन्ही पदकं एकटीने नेली. मिलवॉकीच्या लेकफ्रंट ब्रुअरीची न्यू ग्रिस्ट ही ज्वारी आणि तांदळाची बिअर या जातीतली अमेरिकेतली जुनी पायवाट.

दुसऱ्या जातीत नेहमीसारखा बार्ली माल्ट असतो, पण आंबवताना एक एन्झाइम टाकतात. त्याचं नाव प्रोलिल एंडोपेप्टिडेज. अॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून ते बनवतात. गंमत म्हणजे हे एन्झाइम ग्लुटेन काढायला शोधलेलंच नव्हतं. थंड केल्यावर बिअर गढूळ होते, ती होऊ नये म्हणून ब्रुअर ते वापरत. गढूळपणा आणणारी प्रथिनं आणि ग्लुटेन, दोन्हींत प्रोलिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. एन्झाइम नेमकं तिथेच साखळी तोडतं. बार्सिलोनाच्या एस्ट्रेया डॅमची डाउरा, ओरेगॉनची ओमिशन, एडिनबरोच्या बेलफील्डच्या बिअर, पेरोनीची ग्लुटेन-फ्री बाटली या सगळ्या या जातीतल्या. चवीला त्या सरळ सरळ बिअरच लागतात, कारण त्या बिअरच आहेत.

आता वादाचा मुद्दा. एन्झाइम ग्लुटेन नाहीसं करत नाही, त्याचे तुकडे करतं. ग्लुटेन मोजायची नेहमीची सँडविच एलायझा चाचणी प्रथिनाला दोन ठिकाणी पकडते. तुकडा लहान असला आणि त्यावर पकडायला एकच जागा उरली, तर चाचणीला तो दिसतच नाही. म्हणून बिअरसाठी काँपिटिटिव्ह एलायझा वापरतात, जिला एक जागा पुरते. तिचा आकडा अधिक भरवशाचा, पण उरलेले तुकडे शरीराला किती खुपतात हे तो आकडा सांगू शकत नाही. सीलिअॅक रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी वापरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही थोड्या नमुन्यांनी एन्झाइमवाल्या बिअरला प्रतिसाद दिला. मुळातच ग्लुटेन नसलेल्या धान्याच्या बिअरला तसा दिला नाही. अभ्यास लहान होता, प्रयोगशाळेतला होता. तरी माझं मत स्पष्ट आहे: सीलिअॅक असेल तर पहिल्या जातीची बिअर घ्या. डाउरा पिऊन वर्षानुवर्षं ठणठणीत असलेली माणसं आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण लक्षणं जाणवली नाहीत म्हणजे आतड्याला काही झालं नाही, असं सीलिअॅकमध्ये म्हणता येत नाही.

घरी वापरायचे छोटे ग्लुटेन टेस्टर मिळतात, त्यांच्या भरवशावर बार्लीची बिअर तपासू नका. तुटलेलं ग्लुटेन पकडण्यासाठी ते बनवलेले नसतात.

लेबल वाचताना आधी देश पाहा

मराठी माणूस आता लंडनला असतो, न्यू जर्सीला असतो, मेलबर्नला असतो, आणि 'ग्लुटेन-फ्री' या शब्दाचा कायदेशीर अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा आहे.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये हिशोब पीपीएमचा. किलोमागे २० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ग्लुटेन निघालं की 'ग्लुटेन-फ्री' लिहिता येतं, मग मूळ धान्य बार्ली का असेना. त्यामुळे तिथल्या एकाच बाटलीवर समोर 'ग्लुटेन-फ्री' आणि मागे 'कंटेन्स बार्ली' असं दोन्ही छापलेलं सापडतं. नवख्याला ती छपाईची चूक वाटते. चूक नाही, अॅलर्जीचा घटक सांगणं बंधनकारक आहे आणि पीपीएमचा दावाही कायद्यात बसतो. आपल्याला हवी असलेली माहिती त्या मागच्या ओळीतच असते. 'कंटेन्स बार्ली' दिसलं की दुसरी जात, एवढं लक्षात ठेवायचं. जर्मनीत तर लेजरच्या वर्गातल्या बिअरला बार्ली माल्टच लागतो असा जुना शुद्धतेचा नियम आहे. नॉयमार्क्टच्या लाम्सब्रॉयची ग्लुटेन-फ्री बिअरही बार्लीचीच आहे.

अमेरिकेत याच्या उलट. तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) २०२० मध्ये आंबवलेल्या पदार्थांसाठी नियम पक्का केला: आंबवल्यानंतर ग्लुटेन नेमकं मोजायची खात्रीची पद्धत नाही, म्हणून कच्चा माल आंबवण्याआधीच ग्लुटेन-फ्री हवा. त्यामुळे बार्लीच्या बिअरला तिथे 'ग्लुटेन-फ्री' म्हणता येत नाही. तिच्यावर 'क्राफ्टेड टू रिमूव्ह ग्लुटेन' किंवा 'ग्लुटेन-रिड्यूस्ड' अशी भाषा असते. शिवाय एक बारीक अक्षरातली ओळ असते: हे पेय ग्लुटेन असलेल्या धान्यापासून बनवलं आहे, त्यातल्या ग्लुटेनचं प्रमाण पडताळता येत नाही, त्यात ग्लुटेन असू शकतं. अमेरिकेत राहणाऱ्यांचं काम त्या मानाने सोपं. लेबलच दोन जाती वेगळ्या करून देतं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यात कडक. तिथे 'ग्लुटेन-फ्री' म्हणजे चाचणीत ग्लुटेन अजिबात सापडता कामा नये, आणि ओट्स किंवा ग्लुटेनवाल्या धान्याचा माल्ट वापरलेला चालत नाही. तिथल्या दुकानात हे दोन शब्द दिसले की निर्धास्त उचला.

म्हणजे बार्लीची एकच बिअर स्पेनमध्ये ग्लुटेन-फ्री, अमेरिकेत ग्लुटेन काढलेली, आणि ऑस्ट्रेलियात या दोन शब्दांना मुकलेली. पुण्यात बसून एखाद्या विदेशी यादीतून नावं टिपून घेत असाल, तर ती यादी कोणत्या देशात लिहिली गेली ते आधी बघा.

युरोपात फुली मारलेल्या ओंबीचं गोल चिन्ह दिसतं. ते उपयोगाचं आहे, पण त्याची मर्यादाही २० पीपीएम, त्यामुळे ते चिन्ह असलेली बिअर बार्लीची असू शकते. अमेरिकेतल्या जीएफसीओ या ग्लुटेन-फ्री माल तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र १० पीपीएमवर दिलं जातं.

आकडेमोड एकदाच करून ठेवा

२० पीपीएम म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम. बिअरचं वजन पाण्याच्या आसपास, म्हणून ३३० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. ५०० मिलीच्या दोन बाटल्या घेतल्या तर २० मिलिग्रॅम. तुलनेसाठी, मध्यम आकाराच्या एका पोळीत अडीच ग्रॅम, म्हणजे अडीच हजार मिलिग्रॅमच्या घरात ग्लुटेन असतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात सीलिअॅक रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेव्हा आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला.

यातून दोन गोष्टी समजतात. काठावर २० पीपीएम असलेली एखादी बाटली कधीतरी घेणं आणि शनिवारी संध्याकाळी तिच्या चार-पाच बाटल्या रिचवणं, यात फार फरक आहे. आणि 'ग्लुटेन-फ्री' एवढंच लिहिणाऱ्या कंपनीपेक्षा आकडा देणारी कंपनी बरी. डाउरा ३ पीपीएमच्या खाली असल्याचं सांगते. ३३० मिलीत तो आकडा एका मिलिग्रॅमवर येतो. प्रत्येक बॅच तपासून निकाल वेबसाइटवर टाकणाऱ्या ब्रुअरीही असतात. एन्झाइमवाली घ्यायचीच असेल तर असलीच घ्या.

शोध कुठून सुरू करायचा

'बेस्ट ग्लुटेन-फ्री बिअर' असं शोधलं की दोन्ही जातींची खिचडी असलेल्या याद्या समोर येतात. त्याऐवजी 'डेडिकेटेड ग्लुटेन-फ्री ब्रुअरी' आणि आपल्या शहराचं नाव टाका. डेडिकेटेड म्हणजे त्या आवारात ग्लुटेनवालं धान्य येतच नाही. पण इथे एक खोच आहे: ब्रिटनमधली एखादी ब्रुअरी फक्त ग्लुटेन-फ्री बिअर बनवते म्हणून स्वतःला डेडिकेटेड म्हणवते, आणि माल्ट मात्र बार्लीचा असतो. म्हणून घटकांची ओळ वाचल्याशिवाय नाव यादीत घ्यायचं नाही.

नाव सापडलं की ब्रुअरीच्या वेबसाइटवर 'कुठे मिळेल' हा नकाशा बघा, मग त्या दुकानाला फोन करा. या धंद्यात लहान ब्रुअरी उघडतात तशा बंदही होतात. दोन वर्षांपूर्वीची यादी घेऊन तासभर गाडी चालवत जाऊ नका. कॅनडात एलसीबीओ आणि एसएक्यू या सरकारी दुकानांच्या वेबसाइटवर शिल्लक साठाही दिसतो, ती मोठी सोय. स्पेन आणि इटलीत साध्या सुपरमार्केटमध्येही काही ना काही मिळतं, फक्त बहुतेक माल बार्लीचा.

भारतात काम अवघड आहे. एफएसएसएआयची ग्लुटेन-फ्रीची मर्यादाही २० पीपीएमच आहे, पण कोपऱ्यावरच्या बिअर शॉपीत असं लिहिलेली बाटली सहसा दिसत नाही. आणि खरा सापळा आहे टॅपरूममध्ये. पुणे, मुंबई, बंगळुरूच्या मायक्रोब्रुअरींत नाचणीची, ज्वारीची, बासमतीची बिअर फळ्यावर लिहिलेली असते. आपला भाकरीवाला जीव लगेच हरखतो. त्यातला मुख्य माल्ट बहुतेक वेळा बार्लीचाच असतो, नाचणी चवीपुरती आणि नावापुरती. वेटरला "ग्लुटेन-फ्री आहे का" विचारू नका, तो सौजन्याने हो म्हणेल. "यात बार्ली किंवा गव्हाचा माल्ट किती टक्के आहे, ब्रुअरना विचारून सांगाल का" असं विचारा. ब्रुअर स्वतः येऊन सांगतात, आणि खुशीने सांगतात.

पेल्यात तुलना

जात ठरली, लेबल वाचलं, आता चव. दोन बाटल्या शेजारी ठेवताना मी आधी तीन गोष्टी लिहून काढतो: धान्य कोणतं, अल्कोहोल किती, आणि १०० मिलीला किंमत किती. शेवटची विसरली की फसायला होतं. ग्लुटेनबर्गची ब्लाँड ४.५ टक्क्यांची आहे आणि कॅनडात ४७३ मिलीच्या कॅनमध्ये येते. डाउराची बाटली ५.४ टक्क्यांची, ३३० मिलीची. कॅनची किंमत जास्त दिसते, पण माल जवळजवळ दीडपट असतो. शुद्ध अल्कोहोल धरलं तर कॅनमध्ये सुमारे २१ मिली आणि बाटलीत १८. 'हलकी आहे' म्हणून कॅनवर कॅन उघडणाऱ्याने हा हिशोब जरूर बघावा.

मग धान्यानुसार अपेक्षा ठेवा. ज्वारीच्या सिरपवर बनलेल्या जुन्या वळणाच्या बिअरला एक आंबूस, किंचित धातूसारखी चव असते; शेवटी सफरचंदाच्या सायडरची आठवण येते. ज्वारीचा स्टार्च शिजायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं आणि ज्वारीच्या माल्टमध्ये स्टार्चची साखर करणारी एन्झाइम कमी असतात. त्यामुळे बार्लीची कृती ज्वारीला जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणूनच अनेकांनी माल्टऐवजी तयार सिरपचा सोपा मार्ग धरला. मिलेटचा माल्ट भाजून बनवलेली बिअर त्या मानाने गोलसर लागते, बिस्किटासारखा वास येतो. कुट्टूमुळे फेस आणि दाटपणा सुधारतो. फेस हा या बिअरचा कच्चा दुवा आहे. ओतल्यावर मिनिटभरात फेस विरला तरी बाटली खराब आहे असं समजू नका.

माझा सल्ला: पहिल्या खरेदीत फिकट लेजर घेऊ नका. लेजरला लपायला जागा नसते, धान्याचा वेगळेपणा थेट जिभेवर येतो. आयपीए, म्हणजे हॉप्स या फुलांनी कडवट केलेली बिअर घ्या किंवा गडद, भाजलेल्या माल्टची घ्या; हॉप्स आणि भाजकेपणा बरंच सांभाळून घेतात. एकाच प्रकारच्या बिअर एकमेकींशी ताडून बघा. डाउरा लेजरशी मिलेटच्या आयपीएची तुलना करून 'आयपीएच भारी' म्हणण्यात काही अर्थ नाही. चारपेक्षा जास्त नमुने एका बैठकीत नकोत, जीभ थकते. हलक्यापासून कडूकडे जा, पेले सारखे घ्या, आणि कोणीतरी दुसऱ्याने पाठमोरं ओतून द्यावं. नाव माहीत असलं की मत आधीच बनतं. फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं थांबा. बर्फासारखी थंड बिअर सगळी सारखीच लागते.

डब्याच्या बुडावरची तारीख बघायला विसरू नका. या बिअरचा खप कमी, म्हणून दुकानात ती पडून राहते. हॉप्सचा वास तीन-चार महिन्यांत उतरू लागतो, मग बिचाऱ्या ब्रुअरीला दोष मिळतो.

बारमध्ये, आणि चकण्यात

बाहेर पिताना बंद बाटली किंवा कॅन मागवा आणि टेबलावरच उघडून घ्या. ड्राफ्ट नको: त्याच नळीतून कालपर्यंत कोणती बिअर वाहत होती ते आपल्याला ठाऊक नसतं. पेला स्वच्छ धुतलेला मागा किंवा सरळ बाटलीतूनच प्या.

चकण्याकडे लोक बघतच नाहीत. खारे शेंगदाणे ठीक, उडदाचा पापड ठीक, पण तो तळला कशात? ज्या कढईत ब्रेडक्रंब्जचं चिकन तळलं त्याच तेलात फ्राइज पडतात. आणि हिंग. बाजारातल्या बांधणीच्या हिंगाच्या अनेक डब्यांत गव्हाचं पीठ असतं. बिअर शोधायला महिना घालवायचा आणि मसाला शेंगदाण्यांतून ग्लुटेन खायचं, असं होतं.

नाहीच मिळाली तर

बिअरच हवी असा हट्ट नसेल, तर महाराष्ट्र आणि गोव्यात पर्याय चांगले आहेत. पुण्याची मूनशाइन आणि नाशिकची सेराना मधापासून मीड बनवतात: हलकी, फसफसती, थंडगार, बिअरच्या जागी सहज बसणारी. सफरचंदाची सायडर मिळते. मीड किंवा सायडरच्या एखाद्या खास प्रकारात माल्ट नाही ना, एवढं लेबलवर बघा. नाशिकची वाइन आहेच. गोव्याची काजू फेणी आणि उन्हाळ्यातलं उर्राक मुळात फळाचं, तिथे ग्लुटेनचा प्रश्नच येत नाही. व्हिस्की बार्लीची असली तरी ऊर्ध्वपातनात प्रथिनं मागेच राहतात, त्यामुळे ती सहसा चालते. नंतर मिसळलेल्या स्वादांपुरती चौकशी करावी.

सिक्कीमला गेलात तर तोंगबा प्या. ती नाचणीची असते, गरम पाणी ओतत बांबूच्या नळीने प्यायची. आंबवायला वापरलेल्या मर्चात गहू घातलाय का एवढं यजमानांना विचारा. लडाखची छांग मात्र जवाची, तिच्या वाटेला जाऊ नका.

परदेशातून कोणी येणार असेल तर त्यांना नुसतं "ग्लुटेन-फ्री बिअर आण" सांगू नका. नाव, कॅनचा फोटो आणि 'बार्ली लिहिलेली नको' ही सूचना पाठवा. विमानाने येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. त्यात ३३० मिलीचे सहा कॅन बसतात, ४७३ मिलीचे चारच. कॅन चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.